वाट आणि पाळत

कोरियन सिनेमांविषयी आपल्याकडे सध्या भरभरून बोललं जातं, पण लोककथेचा विषय निघाला की ते बोलणं दोन वाक्यांत आटोपतं. पहिलं वाक्य, एकटेपणा सगळीकडे सारखाच. दुसरं, लोककथा म्हणजे पुरुषांनी आपल्या सोयीसाठी रचलेली स्वप्नं. पहिल्याने कुठल्याच गोष्टीतलं काही उलगडत नाही, म्हणून ते सोडून देते. दुसरं मात्र सोडवत नाही. ते अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यावरच माणसं समाधानाने उठून जातात याचा मला त्रास होतो.

निमित्त झालं ‘बिनजिप’चं. किम की-दुकचा 2004 सालचा हा सिनेमा थोडक्या पैशांत झालेला आहे. त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार त्याला मिळाला. नावाचा अर्थ ‘रिकामं घर’. बाहेरच्या जगात तो ‘3-आयर्न’ या गोल्फच्या काठीच्या नावाने ओळखला जातो. पाच-सहा जणांनी मिळून तो पाहिला आणि संपल्यावर मी म्हणाले, ही तर उरॉंग-गाक्शीची कोरियन लोककथा. ही जोड माझी आहे, सिनेमा तसा दावा करत नाही. आमच्यातल्या एका तरुण प्राध्यापिकेने ती गोष्ट वाचलेली होती. ती लगेच म्हणाली, “म्हणजे फुकट राबणाऱ्या बाईची गोष्ट.” सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चर्चा मिटली.

गोष्ट अशी. भातखाचरात एकटाच राबणारा एक गरीब, बिनलग्नाचा शेतकरी. चिखलात काम करता करता तो स्वतःशी पुटपुटतो, हे सगळं पिकवून मी खाऊ कोणाबरोबर? आवाज येतो, माझ्याबरोबर. आसपास कोणी नसतं, फक्त चिखलात एक मोठी गोगलगाय असते. ती घरी आणून तो पाण्याच्या रांजणात ठेवतो. त्या दिवसापासून शेतावरून परतावं तर ताट वाढून ठेवलेलं. शेवटी एकदा कामाला निघाल्याचं सोंग करून तो दडून बसतो. रांजणातून एक बाई बाहेर येते, चुलीशी बसते. तो धावत जाऊन तिला धरतो. ती म्हणते, अजून वेळ झालेली नाही, थोडे दिवस थांब. त्याला थांबवत नाही. पुढे तिथल्या अधिकाऱ्याची तिच्यावर नजर पडते आणि तो तिला घेऊन जातो. काही पाठांत नवरा झुरून मरतो आणि निळा पक्षी होतो, ती मरून फणी होते. काही पाठांत शेवट गोड आहे. तो मला नंतर जोडल्यासारखा वाटतो. कोरियात आजही कोणी गुपचूप घरातली कामं उरकून ठेवली की त्या माणसाला उरॉंग-गाक्शी म्हणतात.

प्राध्यापिकाबाईंचा पुरावा हाच. भाषेनेच या बाईला राबणारी ठरवलं, मग आणखी काय सिद्ध करायचं राहिलं? मी स्वतः तीस वर्षं दोन वेळचा स्वयंपाक केलेली बाई आहे. वाढलेल्या ताटामागे कोणाची पाठ मोडलेली असते ते मला ठाऊक आहे, म्हणून तिचा राग मी हलका मानत नाही. पण शेतकऱ्याने विचारलं काय ते आधी ऐकलं पाहिजे. माझ्यासाठी रांधणार कोण, असं तो विचारत नाही. त्याची अडचण कोणाबरोबर खायचं ही आहे. कोरियन भाषेत घरच्या माणसाला ‘शिक्कू’ म्हणतात, शब्दशः खाणारं तोंड. आपण ‘घरात खाणारी तोंडं किती?’ असं विचारतो तेव्हा काळजी असते ती खर्चाची. तिकडे त्याच शब्दात घर मावतं. 2020 मध्ये कोरियातल्या दर शंभर घरांपैकी जवळजवळ 32 घरांत एकच माणूस राहत होता, आणि एकट्याने जेवण्यासाठी ‘होनबाप’ असा शब्दच तिथे रुळला आहे. तेव्हा खाचरातला तो प्रश्न शिळा झालेला नाही.

यावर ती म्हणेल, विचारलं काहीही असो, त्याला मिळाली स्वयंपाकीणच. मान्य. पण गोष्ट तिथे थांबली का? केवळ सोयीचं स्वप्न असतं तर ताट वाढलेलं दिसलं तिथेच ते पुरं झालं असतं. गोष्ट मात्र पुढे जाते आणि त्या माणसाकडून किंमत वसूल करते. ती कशाची? भूक लागली याची नाही, एकटा होता याचीही नाही. तो लपून बसला आणि ‘थांब’ म्हटल्यावर थांबला नाही, याची. ताओ युआनमिंगच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या चिनी संग्रहात याच गोष्टीचा जुना पाठ आहे. तिथली गोगलगायीतली बाई आकाशातून दहा वर्षांसाठी आलेली असते, आणि त्याने चोरून पाहिलं एवढ्या एका कारणाने ती निघून जाते. इतक्या काळापासून ही गोष्ट रांजणाआडच्या डोळ्यांविषयी बोलते आहे. तिला पुरुषी म्हणून बाजूला सारणारी माणसं नेमकी तिने पुरुषावर ठेवलेली तक्रार ऐकायची टाळतात.

मराठीत यासाठी दोन शब्द आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नयेत असं मला मनापासून वाटतं: वाट पाहणं आणि पाळत ठेवणं. डोळे दोन्हींत लागतात. पण वाट पाहणाऱ्याचे डोळे वाटेवर असतात. येणाऱ्याला उशिरा येण्याची, वाकड्या वाटेने येण्याची, न येण्याचीही मुभा असते. पाळत ठेवणाऱ्याचे डोळे माणसावर असतात आणि त्या माणसाला काही ठरवायचं उरत नाही. शेतकरी वाट पाहत होता तोवर ताट मिळत होतं. त्याने पाळत ठेवली आणि बाई मिळाली, पण मिळाली तशी गेलीही. विजयदान देथांच्या ज्या गोष्टीवर मणी कौल यांनी ‘दुविधा’ आणि अमोल पालेकरांनी ‘पहेली’ केला, त्यात भूत नवऱ्याचं रूप घेऊन येतं, पण नवरीला खरं काय ते सांगतं आणि तिच्या उत्तरासाठी थांबतं. आपल्याकडच्या त्या भुताला जे जमलं ते खाचरातल्या माणसाला जमलं नाही.

आता ‘बिनजिप’. ते-सॉक हा तरुण घरोघरच्या दारांच्या कुलपांवर जाहिरातीचे कागद लावत हिंडतो. ज्या दारावरचा कागद तसाच राहतो ते घर रिकामं समजून तो कुलूप उघडून आत जातो. ही पाळतच आहे, त्यात मी सूट देणार नाही. पण आत गेल्यावर तो चोरी करत नाही. त्या घरातल्या माणसांचे मळके कपडे हाताने धुतो, वाळत घालतो, बिघडलेलं काही दिसलं तर दुरुस्त करतो, रांधून खातो आणि निघून जातो. रांजणातल्या बाईचं काम इथे एक पुरुष करतो. रिकाम्या वाटलेल्या एका मोठ्या घरात मात्र सन-ह्वा असते, नवऱ्याने मारहाण केलेली. चेहऱ्यावरचे वळ घेऊन ती भिंतीआडून, दाराआडून या अनोळखी माणसाला पाहत राहते. गोष्टीतल्या पुरुषाची जागा आता तिची आहे. ती त्याला धरायला धावत नाही, ओरडतही नाही. त्याला कळेपर्यंत तशीच उभी राहते. पुढे दोघं मिळून परक्या घरांत धुणी धुतात, कोणी कोणाशी एक शब्द न बोलता. ते-सॉक साधुसंत नाही. त्याच्या हातून सुटलेल्या गोल्फच्या चेंडूने एक परकी बाई जबर जखमी होते. तो पुन्हा चेंडू मारायला लागला की सन-ह्वा मुकाट समोर येऊन उभी राहते.

मग ते-सॉक पकडला जातो आणि तुरुंगात पडतो. तिथे पाळत हाच नियम असतो, आणि तिथेच तो पहारेकऱ्याच्या पाठीमागे, नजरेच्या कक्षेबाहेर उभं राहायला शिकतो. मार खातो आणि पुन्हा शिकतो. तळहातावर एक डोळा काढतो. निळा पक्षी होण्याऐवजी हा माणूस दिसेनासा होतो. मला ही कल्पना लोककथेइतकीच नितळ वाटते.

इथे प्राध्यापिकाबाईंचा सर्वांत बळकट मुद्दा येतो आणि त्याच्यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. शेवटी सन-ह्वा त्या मारकुट्या नवऱ्याच्याच घरात असते, त्याच्यासाठी नाश्ता मांडते. दुसरा माणूस त्याच्या पाठीआड अदृश्य उभा आहे म्हणून तिचं दुःख सरलं का? शिवाय 2018 मध्ये काही अभिनेत्रींनी किम की-दुकवर लैंगिक अत्याचाराचे गंभीर आरोप केले. त्याने ते नाकारले, आणि 2020 च्या डिसेंबरात कोविडने त्याचा लाटव्हियात मृत्यू झाला. ‘थांब’ या शब्दाविषयीचा सिनेमा करणाऱ्यावरच तो शब्द न मानल्याचा आरोप व्हावा, हे वाचून मला हा सिनेमा बरेच दिवस लावता आला नाही. आता पाहते तेव्हा ती गोष्ट बाजूला ठेवून पाहता येत नाही, आणि ठेवू नये असंच वाटतं. तरीही रांजणाची गोष्ट त्या दिग्दर्शकाच्या मालकीची नव्हती. त्याने ती उलटी फिरवली त्यात जे दिसलं, ते त्याच्यापेक्षा जुनं आहे.

एक दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ते-सॉक तुरुंगात असताना सन-ह्वा एकटीच एका जुन्या कोरियन पद्धतीच्या घरात जाते. पूर्वी हे दोघं तिथे चोरून राहून गेलेले असतात. या वेळी घरात मालक नवरा-बायको आहेत. ती त्यांना काही विचारत नाही, काही सांगत नाही. सरळ आत जाते आणि सोफ्यावर झोपते. ते दोघं चकित होऊन पाहतात, पण उठवत नाहीत. ती झोपते, मग उठून निघून जाते. ती कोण, कुठून आली, हे त्या घरात कोणीही विचारलेलं नसतं.