उन्हाळी पाऊस आणि गाळायचे कापड



ताइफ किंवा अभाच्या डोंगरात राहणाऱ्यांना उन्हाळ्यातल्या दुपारच्या पावसाचे नवल नाही. रियाध, दम्माम, जुबैलकडे मात्र जुलै-ऑगस्टमध्ये चार थेंब पडले तरी सगळे घर खिडकीशी गोळा होते आणि मोबाइल बाहेर निघतात. यापुढे बादल्याही निघू द्या. या देशात बारमाही वाहणारी एकही नदी नाही. शहरांतल्या नळाचे बरेचसे पाणी समुद्राचे, खर्च करून गोडे केलेले. 1 चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी होते. म्हणजे 10 चौरस मीटरच्या गच्चीवर नुसता 5 मिलिमीटर पाऊस झाला तरी 50 लिटर! सुरुवातीचे पाणी वाहून जाऊ द्या, त्यात कित्येक महिन्यांची धूळ असते. पुढचे धरा. ते प्यायला नको. कुंड्या, फरशी, संडास यांना चालेल. वीज कडाडत असेल तर गच्चीवर जाऊ नका, हे वेगळे सांगायला नको.

धरलेले पाणी कापडाने गाळून, झाकून ठेवा. उघड्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात आणि मग तेच पाणी ओतताना जीव मरतात. भिक्खूंना विनयात नियमच आहे की जिवंत प्राणी असलेले पाणी जाणूनबुजून प्यायचे नाही, गवतावर-मातीवर ओतायचे नाही. म्हणून पाणी गाळायचे कापड, पालीत परिस्सावन, हे भिक्खूच्या आठ परिष्कारांपैकी एक.

या कापडाची एक गोष्ट चुल्लवग्गात आहे. आपल्याकडे ती फारशी सांगितली जात नाही. कोसल देशात दोन भिक्खू वाटेने चालले होते. एकाचे वागणे बरे नव्हते, दुसऱ्याने त्याला टोकले. पहिल्याने ते मनात धरून ठेवले. पुढे टोकणाऱ्याला तहान लागली. त्याने गाळायचे कापड मागितले, पण त्या अढी धरलेल्या सोबत्याने दिले नाही. पाणी न गाळता पिणे त्याला मान्य नव्हते. तो तहानेने मेला.

तथागतांनी हे ऐकल्यावर नियम घालून दिला: वाटेत सोबत्याने मागितले तर कापड द्यायचेच. कापडाशिवाय प्रवासाला निघायचे नाही, आणि नसेलच तर चीवराच्या टोकाने गाळून प्यायचे. लक्षात घ्या, त्या वाटेवर पाण्याचा दुष्काळ नव्हता. माणूस मेला तो अढीमुळे.

महाडलाही पाणी कमी नव्हते. चवदार तळे मुख्यतः पावसाने आणि झऱ्यांनी भरते, असे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. आभाळातून पडताना त्या पाण्याने कोणाची जात विचारली नव्हती. ती काठावरच्या माणसांनी विचारली, आणि म्हणून 20 मार्च 1927 ला हजारोंना चालत जाऊन ओंजळ भरावी लागली. त्या ओंजळीचे आपण वारस म्हणवतो.

आता आपल्याकडे पाहू. परदेशात आपली घरे मोजकी. तरी वर्गणीवरून, कार्यक्रमात नाव आधी कोणाचे यावरून दोन घरांत बोलणे बंद झालेले असते. एकाच इमारतीत राहून लिफ्टमध्ये नजर चुकवतात. लेख वाचताना तुम्हाला एखादे घर आठवलेही असेल. मैत्रीभावना डोळे मिटून करणे सोपे असते, त्या घराची घंटा वाजवणे अवघड.

तर पाऊस आला आणि दोन बादल्या भरल्या, तर एक खाली इमारतीच्या हारिसला द्या. त्याला पायऱ्या धुवायला, झाडांना लागते. दुसरी त्या घरी न्या. जुना विषय काढू नका, समजूत घालू नका. "पाऊस पडला, पाणी जास्त झालं, कुंड्यांना होईल," एवढेच म्हणा आणि परत या. बादली आणायला दुसऱ्या दिवशी पुन्हा जावेच लागेल.