एका अक्षराचे अंतर

मननासाठी शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये 6:1-7



काही वर्षांपूर्वी भाषांतराच्या कामानिमित्त दक्षिणेतील एका मोठ्या शहरी गेलो असता तेथील एका वृद्धाश्रमात जाण्याचा योग आला. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातून मुलाच्या नोकरीपायी तिकडे गेलेल्या एक वृद्ध भगिनी तेथे राहत होत्या. आश्रम नीटनेटका होता. चादरी स्वच्छ, औषधे वेळेवर, भिंतीवर शास्त्रवचन टांगलेले. मी एक स्तोत्र वाचले, प्रार्थना केली, चहा घेतला व निघालो. आजी माझा हात सोडीत नव्हत्या, काही पुटपुटत होत्या. परंतु मला गाडी गाठायची होती.

तीन महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा त्या निम्म्या झाल्या होत्या. नोंदवहीत दिवसामागून दिवस एकच शेरा होता : जेवत नाहीत. कोणी म्हणे, हट्टी आहेत. कोणी म्हणे, मुलाचा ध्यास घेतला आहे. या वेळी मी खाटेशी बसून राहिलो. बऱ्याच वेळाने आजी म्हणाल्या, “जेववत नाही रे बाबा.”

मराठी वाचकाला या एका ‘व’चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. जेवत नाही, हा मनाचा नकार. जेववत नाही, ही देहाची असमर्थता. तोंड पाहिले तेव्हा कवळीखाली हिरडीला मोठी जखम झालेली आढळली. आजींना तिकडची भाषा पूर्वी कामापुरती येत असे. परंतु वार्धक्यात स्मृती क्षीण होऊ लागली की, पुष्कळदा मागाहून शिकलेली भाषा आधी सुटते आणि आईच्या मांडीवर मिळालेली तेवढी उरते. त्या सांगत होत्या. समजून घेणारे कोणी नव्हते. आणि शब्दांचे अर्थ शोधण्यात ज्याने आयुष्य वेचले, त्या मलाही पहिल्या भेटीत तो शब्द ऐकू आला नव्हता.

या घटनेनंतर प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय मी निराळ्या दृष्टीने वाचू लागलो. यरुशलेमातील मंडळीत विधवांना रोज अन्न वाटले जात असे. म्हणजे व्यवस्था होती, अन्न होते, वाटणारेही होते. तरी ग्रीक बोलणाऱ्या विधवा मागे राहत होत्या. लूकाने येथे जे ग्रीक क्रियापद योजले आहे, ते नव्या करारात अन्यत्र कोठेही येत नाही. त्याची घडण पाहिली तर अर्थ निघतो, एखाद्याच्या बाजूने नजर निघून जाणे. कोणी त्या विधवांना हाकलले नव्हते, कोणी त्यांचा द्वेष केल्याचेही लिहिलेले नाही. नजर त्यांच्यावर स्थिरावली नाही, एवढेच. आणि ज्यांच्यावरून नजर निसटली, त्यांची भाषा बहुसंख्यांची नव्हती.

प्रिय वाचकहो, आपल्या वृद्धाश्रमांतील बहुतेक दुःख याच जातीचे आहे. क्रौर्य क्वचित असते. निसटलेली नजर रोजची असते. पाण्याचा पेला ठेवला जातो, पण थरथरत्या हाताच्या आवाक्याबाहेर. म्हातारपणी तहानेची जाणीव मंदावते, म्हणून मागितले नाही तरी पाणी पाजावे लागते, हे कोणाच्या ध्यानी येत नाही. अंथरुणाला खिळलेल्याची कूस वेळेवर बदलली नाही, म्हणून पाठीला जखमा होतात.

प्रेषितांनी यावर काय केले? त्यांनी कुरकुर दाबली नाही, वाटणाऱ्यांना दूषण दिले नाही, की केवळ अन्न वाढविले नाही. त्यांनी पवित्र आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण अशी सात माणसे निवडावयास सांगितली. आणि त्या सातांचीही नावे ग्रीक आहेत. त्यावरून बहुतेक भाष्यकार असे मानतात की, ज्यांची उपेक्षा झाली त्यांच्याच भाषेची माणसे मंडळीने पुढे आणली. आणखी एक गोष्ट मराठी वाचनात सहज निसटते. अन्नाची वाटणी, पंक्तीची सेवा आणि वचनाची सेवा या तिहींसाठी लूक एकाच कुळातला शब्द वापरतो : दियाकोनिया. कामे वेगळी वाटली गेली, परंतु एक पवित्र व दुसरे हलके, असा भेद त्या शब्दात नाही.

हे आपल्याला नवे नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच मुक्तीत अनाथ, अंध, आजारी व वृद्ध स्त्रियांना आसरा होता. वचनाची सेवा आणि ताटाची सेवा एकाच अंगणात चालत होती.

आज देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या 2011 च्या जनगणनेनुसारच दहा कोटींवर गेली होती. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी 2007 मध्ये केंद्राने कायदा केला. त्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी निदान 150 जणांची सोय असलेल्या आश्रमाची तरतूद आहे. कायदा खाट देऊ शकतो. खाटेवरच्या माणसाचा शब्द ऐकणे कायद्याच्या हाती नाही. ते तुमच्या-आमच्या हाती आहे.

तुम्ही भोपाळात असा, हैदराबादेत असा वा दिल्लीत. तुमच्या शहरातील वृद्धाश्रमात मराठी बोलणारे कोणी आहे काय, याची चौकशी करा. नाताळात फळे वाटून छायाचित्र काढणे पुरेसे नाही. महिन्यातून दोनदा जा, आणि बसा. विचारा : रात्री किती सेवक असतात? दरमहा वजन लिहितात काय? कवळी, चष्मा, कानाचे यंत्र कोण तपासतो? खोलीत शिरताना दार वाजवितात काय? हे प्रश्न आरोपाच्या सुरात विचारू नका. अपुऱ्या पगारावर पाठ मोडून काम करणाऱ्या सेविकाही थकलेल्या असतात. त्यांचेही दोन शब्द ऐकून घ्या.

त्या आजींची जखम पुढे भरली. आधी पेज, मग दुधात कुस्करलेली भाकरी, असे करीत त्या जेवू लागल्या. नोंदवहीतला शेरा बदलला. परंतु ते तीन महिने मला त्यांना परत देता आले नाहीत, हे ओझे मी प्रभूपुढे अजून घेऊन जातो.

लूक या वृत्तांताच्या शेवटी सांगतो की, यानंतर देवाचे वचन पसरत गेले आणि शिष्यांची संख्या फार वाढली. आपण वाढीसाठी मोठमोठ्या सभा योजतो. यरुशलेमात ती वाढ काही विधवांच्या ताटापाशी थांबून पुढे गेली, हे आपण विसरू नये.

हे प्रभू, ज्यांच्यावरून आमची नजर निघून गेली, त्यांच्याकडे आम्हांला परत ने; आणि त्यांचा अर्धवट शब्द पूर्ण ऐकण्याइतका धीर आम्हांला दे. आमेन.