बॅगेवरचा हात

गीतेच्या पाचव्या अध्यायात आठव्या-नवव्या श्लोकांत एक यादी येते. पाहणं, ऐकणं, शिवणं, हुंगणं, खाणं, चालणं, झोपणं, श्वास घेणं, बोलणं, टाकणं, धरणं, आणि शेवटी पापण्यांची उघडझाप. हे सगळं चालू असताना तत्त्व जाणणारा म्हणतो की मी काहीच करत नाही. आमचे दादा केजला रोज पहाटे हा अध्याय म्हणायचे आणि या यादीपाशी त्यांचा आवाज हमखास चढायचा. पुढे मी डॉक्टर झाले, भूलतज्ज्ञ झाले, आणि त्या यादीत काय नाही याकडे माझं लक्ष जायला लागलं. हृदयाचे ठोके त्यात नाहीत. पचन नाही. मूत्रपिंडांचं काम नाही. कारण उघड आहे. ‘आज मी जेवण छान पचवलं’ असं बढाईनं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ज्याच्यावर कुणी हक्कच सांगत नाही, त्याचा कर्तेपणा काढून कशाला घ्यायचा?

मग श्वास तिथे कसा आला? मला वाटतं, श्वास आणि पापणी या दोघांची जागा बरोबर कुंपणावर आहे. पापणी आपोआप लवते, आणि मुद्दाम मिटताही येते. श्वास झोपेतही चालतो, आणि आत्ता हे वाचताना तुम्ही तो रोखूनही धरू शकता. हृदयाला असं धरता येत नाही. योग्यांनी प्राणायामासाठी श्वासच निवडला त्याचं कारण इतकं साधं असावं: जे चाललेलंच आहे, त्याला हात घालायला शरीरात एवढी एकच दांडी बाहेर आलेली आहे.

या कुंपणाची रचना मेंदूतही तशीच आहे. कवटीच्या तळाशी, मेंदू जिथे मज्जारज्जूत उतरतो तिथे, लंबमज्जेत श्वासाची केंद्रं आहेत. १९९१ साली उंदरांच्या नवजात पिलांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी त्यांतला काही हजार पेशींचा एक पुंजका दाखवून दिला. श्वासाची लय तिथे उठते. तिथून निघालेला हुकूम मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या मज्जातंतूंपर्यंत येतो, आणि त्यांतून बनलेली नस छातीतून खाली उतरून पडद्याच्या स्नायूला हलवते. पडदा खाली सरकतो, छातीतला दाब घटतो, हवा आत ओढली जाते. एका श्वासाला साधारण अर्धा लिटर. त्यातली दीडशे मिलिलिटर घशात आणि श्वासनलिकांतच राहते, रक्तापर्यंत पोहोचतच नाही. हा झाला आपोआपचा रस्ता. मुद्दाम घेतलेल्या श्वासाचा हुकूम मात्र मेंदूच्या वरच्या थरातून निघतो आणि मज्जारज्जूतून वेगळ्या वाटेनं खाली येतो. काही बाळं जन्मतःच अशी असतात की त्यांची आपोआपची व्यवस्था अधू असते. जागेपणी ती बऱ्यापैकी श्वास घेतात. डोळा लागला की श्वास उथळ होत जातो, थांबू पाहतो. त्यांना रात्री यंत्रावर ठेवावं लागतं. ‘मी श्वास घेतो’ हे वाक्य शब्दशः खरं करायचं तर माणसाला आयुष्यभर जागं राहावं लागेल.

आपल्या हातात आहे ती सवलत, तीही थोड्या वेळाची. आमच्या जिल्ह्यात ऊसतोडीला जाणारं जोडपं, म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून आधी उचल घेतं आणि मग हंगामभर ती फेडत राहतं. श्वास कोंडून धरणं ही तशीच उचल आहे. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब एरवी पाऱ्याच्या ४० मिलिमीटरच्या आसपास असतो. तो चढायला लागला की खालचा मुकादम वसुलीला येतो, आणि त्याच्यापुढे निश्चय, हट्ट, वैराग्य काही चालत नाही. हट्टी पोर श्वास कोंडून निळं पडतं, बेशुद्ध होतं, आणि बेशुद्ध होताच पुन्हा श्वास घेऊ लागतं. आईचा जीव अर्धा होतो, पण त्या क्षणी पोराचा ‘मी’ बाजूला झालेला असतो, म्हणूनच ते वाचतं.

अंबाजोगाईत राहून अशा गोष्टींचा विचार निव्वळ वैद्यकाच्या भाषेत करणं अवघड जातं. गावाबाहेर बालाघाटाच्या कड्याखाली मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांच्या विवेकसिंधूचा काळ परंपरा ११८८ सांगते. अभ्यासकांचे वाद आहेत, ते त्यांनी घालावेत. गावात दासोपंतांची पासोडी जपलेली आहे. सोळाव्या शतकात जन्मलेल्या या दत्तभक्तानं सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर पंचीकरण लिहून काढलं: पाच भूतं, त्यांची सरमिसळ, त्यातून उभा राहणारा देह. प्राण, अपान, व्यान, उदान, समान हे पाच वायू याच विचारातले. आणि याच गावात १९७०च्या दशकात ग्रामीण भागासाठी वैद्यकीय महाविद्यालय निघालं, ज्याला हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचं नाव आहे. त्यामुळे इथे व्हायचं काय, तर एखादा उत्साही पाहुणा व्यासपीठावरून उदान म्हणजे अमुक नस आणि व्यान म्हणजे रक्ताभिसरण अशी जुळणी लावून दाखवतो, आणि टाळ्या पडतात. मला हे आवडत नाही. ज्यांनी पंचीकरण लिहिलं ते छाती उघडून बघायला निघालेले नव्हते. ‘मी देह आहे’ ही गाठ सोडवण्यासाठी ते देहाचे धागे वेगळे करत होते. त्यांच्या हातात आमचं पाठ्यपुस्तक देणं हा त्यांचाही अपमान आणि पुस्तकाचाही.

एका आकड्याबद्दल मात्र मला प्रेम आहे. नाथपंथात आणि योगाच्या ग्रंथांत दिवसरात्रीचे श्वास २१,६०० मानले आहेत. श्वास आत जाताना ‘सो’, बाहेर येताना ‘हं’. न जपता होणारा हा अजपाजप. भागून बघा, मिनिटाला बरोबर १५ येतात. वॉर्डातल्या तक्त्यावर निरोगी प्रौढाचा आकडा १२ ते २० लिहिलेला असतो. कुणीतरी शांत बसून मोजले असणार. नवजात बाळाला हा हिशेब लागू नाही, ते मिनिटाला ४० घेतं. आणि पन्नास वर्षं चुलीच्या धुरात भाकऱ्या थापून फुप्फुसं झिजलेल्या बाईलाही नाही. ती मिनिटाला ३० वेळा धापा टाकत खाटेवर बसून असते. तिचा जप दुप्पट होतो म्हणावं, तर त्यात पुण्याचं काही दिसत नाही.

आता माझ्या कामाविषयी. मोठ्या शस्त्रक्रियेत रुग्णाला झोपवल्यावर आम्ही स्नायू ढिले करणारं औषध देतो. मिनिट-दोन मिनिटांत पडदा थांबतो, बरगड्या थांबतात. लंबमज्जा ओरडत असली तरी तिचा हुकूम बजावणारा कुणी राहत नाही. मग घशातून नळी टाकायची आणि बॅग दाबायची. हल्ली व्हेंटिलेटर असतो, पण माझी उमेदीची वर्षं जुन्या बॉईल्स मशीनवर गेली, आणि तासन् तास ती काळी रबरी बॅग माझ्या उजव्या मुठीत असायची. ती दाबली की पलीकडे छाती उचलली जाते. निसर्ग हवा ओढून घेतो, मी ती ढकलते, एवढाच फरक. फुप्फुस ताठरलं, नळीत कफ साठला, तर ते मॉनिटरच्या आधी तळहाताला कळतं.

एकदा शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी धारूर तालुक्यातल्या एका आजींना तपासायला गेले. पित्ताशयात खडे होते. गळ्यात तुळशीची माळ. मी नेहमीप्रमाणे समजावलं, की तुम्हाला झोप लागेल, श्वास मी देईन, काळजी करू नका. त्या जराशा सावरून बसल्या.

“म्हंजी माझा श्वास तुमी घेताल?”

“हो आजी. औषध उतरेपर्यंत.”

“मंग तवर माझं नाम कुणाच्या खात्यावर?”

मी हसले, पण त्या हसत नव्हत्या. त्यांच्या गुरूंनी त्यांना श्वासासोबत नाम घ्यायला शिकवलं होतं. बरीच वर्षं झाल्यावर आता ते आपोआप होतं, झोपेतसुद्धा, असं त्या म्हणाल्या. मनानं घेतलेलं नाम झोपेत थांबतं हे त्यांना मान्य होतं. श्वासच नाम झाला की खंड पडत नाही, हा त्यांचा हिशेब होता. त्यात मी आडवी आले होते. श्वास त्यांच्याच फुप्फुसांत, पण ना त्यांच्या इच्छेनं, ना त्यांच्या लंबमज्जेच्या हुकमानं. सगळा माझ्या मुठीचा.

एवढा नेमका प्रश्न मला परीक्षेत कुणी विचारला नव्हता. दादांना फोन करून सांगितलं. त्यांचं उत्तर तयार होतं: श्वास कुणाचाच नाही, म्हणून खातंही कुणाचं नाही, बाईंना सांग, निर्धास्त झोपा. शास्त्रात बसणारं उत्तर. पण मला ते पटेना. आजींच्या बाजूनं अकर्तेपण शंभर टक्के होतं, गीतेतल्या ज्ञान्यालाही हेवा वाटावा इतकं. माझ्या बाजूनं काय? मी जर थिएटरमध्ये म्हणाले, की मी काहीच करत नाही, माझी मूठ रबरात वावरते आहे, तर चार-पाच मिनिटांत आजींच्या मेंदूला इजा व्हायला लागेल. स्वतःच्या श्वासाबद्दल ‘मी करत नाही’ म्हणणं हे ज्ञान असेल. दुसऱ्याच्या श्वासाबद्दल तेच म्हणणं हा गुन्हा आहे. त्या यादीत ‘दुसऱ्यासाठी श्वास घेणं’ नाही, आणि ते राहून गेलंय असं मला वाटत नाही.

याची उलट बाजूही मी पाहिली आहे. अवयवदानाचा कायदा १९९४ सालचा. मेंदूचा खोडभाग मृत झाला आहे की नाही हे चार डॉक्टरांचं मंडळ ठरवतं, किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून. त्यातली शेवटची चाचणी श्वासाची. भरपूर ऑक्सिजन देऊन व्हेंटिलेटर काढतात आणि छातीकडे बघत उभं राहतात. कार्बन डायऑक्साइड चढू द्यायचा, साठाच्या वर. मुकादमाला जितकं जोरात बोलावता येईल तितकं बोलावून बघायचं. हृदय चालू असतं. अंग गरम असतं. उपनिषदांत इंद्रियांचं भांडण आहे, थोर कोण म्हणून. वाणी वर्षभर निघून जाते, डोळे जातात, कान जातात, मनही जातं, आणि प्रत्येकाशिवाय देहाचं भागतं. प्राण उठायला लागतो तेव्हा सगळ्यांचे खुंटे उपटले जातात. त्या गोष्टीत प्राण एकटा कधी जात नाही. अतिदक्षता विभागात मात्र तो आधी गेलेला असतो आणि बाकीचे, यंत्राच्या आधारावर, मागे थांबलेले असतात. बाहेर मुलगा म्हणत असतो, “छाती हालतीया की, मॅडम.” हलते, पण ती यंत्र हलवतं, हे त्याला सांगायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे आलं. मुठीतली बॅग कधी सोडायची हे मला कायद्यानं शिकवलं. ती सोडताना माझं कर्तेपण कुठे जातं, हे दादांनाही विचारून झालं. त्यांनी पाचवा अध्याय पुन्हा वाचायला सांगितला.

आजींची शस्त्रक्रिया दोन तास चालली. संपताना औषधाचा असर उलटवणारं इंजेक्शन दिलं, बॅग मुद्दाम सावकाश दाबली, थोडा कार्बन डायऑक्साइड साठू दिला. काही वेळानं बॅग माझ्या हातात आपसूक आक्रसली. त्यांनी हवा ओढली होती.

संध्याकाळी राऊंडला गेले तर आजी टक्क जाग्या.

“किती घेतले?”

मी हिशेब सांगितला. मिनिटाला बारा, दोन तास, म्हणजे चौदाशे चाळीस. त्यांनी माळ हातात घेतली, मण्यांवर काहीतरी पुटपुटल्या आणि सुनेकडे वळल्या. सून दहावी शिकलेली, तिनं कागदावर भागाकार केला: तेरा माळा आणि वर छत्तीस मणी.

“श्वास तुमी घेतले, तर नामबी तुमीच घ्यायचं,” आजी म्हणाल्या. “तेरा माळा तुमच्याकडं लागल्या. सवडीनं फेडा. वरचे छत्तीस मणी सोडले.”

सुनेनं तो कागद घडी करून माझ्या हातात दिला. दादांना हे सांगितलं तेव्हा ते खूप वेळ हसले, आणि मग म्हणाले की छत्तीस सोडायचा अधिकार त्या बाईला कुणी दिला.