अक्काबाईचे सूप

अक्काबाईचा फेरा आला की भरले घर रिते होते, असे आपल्याकडे म्हणतात. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री सूप वाजवून तिला बाहेर काढण्याची चालही आहे. आता दशमहाविद्यांतली धूमावती पाहा. विधवा, कृश, मळकट वस्त्राची, ध्वजावर कावळा, आणि हातात काय, तर सूपच! काशीत तिचे देऊळ आहे, मध्य प्रदेशात दतियालाही आहे. आपण जिला सूप बडवून हाकलतो, तिच्याच जातीच्या देवीला उपासक आई म्हणतात, हे नवल नव्हे काय?

ते सांगतात, सूप फोल उडवून दाणा राखते, तसे दुःख माणसाला पाखडते. बरोबर आहे. पण पाखडणाऱ्या बाईला विचारा. हात जाणता नसला तर फोलाबरोबर दाणाही उकिरड्यावर जातो. दुःखाने शहाणी झालेली माणसे थोडी. कडवट झालेली घरोघर.

मग तुकोबारायांचे कसे? 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची बायको गेली, मूल गेले, व्यापार बुडाला. त्यांनी त्या दिवाळ्याबद्दल देवाचे आभार मानले खरे. पण ते कोणाच्या दुःखाबद्दल? स्वतःच्या! दुसऱ्याचे घर बुडत असता 'बरे झाले, देव आठवेल' असे सांगत ते बसले नाहीत. उलट आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. नेमके इथेच आपले चुकते. ज्याचे माणूस गेले त्याच्या ओट्यावर जाऊन आपण वैराग्य सांगतो, आणि चहा पिऊन घरी येतो.

विधवेच्या बाबतीत तर यापुढे जातो. दुःख दैवाने दिले म्हणायचे, आणि कुंकू आपण पुसायचे! कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारने इतर गावांनाही तोच कित्ता घालून दिला. ठराव झाला, पण बोलावणे घरातूनच जायचे असते.

वारीत बुक्का लावताना कोणी बाईचे कपाळ न्याहाळीत नाही. डोक्यावर तुळस घेऊन ती चालते, आपण तिच्या पाया पडतो. तीच बाई गावी परतली, चैत्रगौरीचे हळदीकुंकू आले. मंडळी, शेजारच्या त्या माउलीकडे तुमच्या घरचे बोलावणे गेले काय?