फासा आणि चिठ्ठी

वडोदऱ्यास विद्यापीठात शिकणारा आपल्या मंडळीतील एक तरुण संभाव्यतेच्या परीक्षेत नापास झाला. दुःख मात्र निराळेच. “सगळा योगायोगच, तर प्रार्थना कशाला?” असे त्याने विचारले. आम्ही घाईने नीतिसूत्रे १६:३३ दाखवून त्याला गप्प केले.

पुढे त्याच्याच पुस्तकात बेझचे प्रमेय निघाले. थॉमस बेझ हे प्रेस्बिटेरियन पाळक. १७६१ साली वारले. त्यांचा निबंध रिचर्ड प्राइस या दुसऱ्या पाळकांनी १७६३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आणला. नवा पुरावा मिळाल्यावर आधीचा अंदाज किती बदलावा, याचेच ते गणित! आम्ही तर पुरावा मागणे म्हणजे अविश्वास समजत आलो. थोमाने जखमा पाहू मागितल्या. प्रभूने त्याला हाकलले नाही, हात पुढे केले.

त्या मुलाची आम्ही क्षमा मागितली. आता उपासनेनंतर तो उदाहरणे सोडवतो, आम्ही शेजारी बसतो.