हलालच्या पुढचा शब्द

बुलढाणा, खामगाव, मलकापूर, मेहकर इथल्या आमच्या मोहल्ल्यांत रमजानचे शेवटचे दिवस बेकरीच्या भट्टीचे असतात. मैदा, पिठीसाखर आणि तूप घरी मळायचे, थाळीला काहीतरी खूण करायची आणि ईदची नानखटाई भाजायला पाठवायची. अलीकडे या नानखटाईशेजारी एक नवी वडी येऊन बसली आहे. शिकलेल्या मुली मोबाईलवर पाहून ती घरच्या ओव्हनमध्ये करतात, ऑर्डरही घेतात. एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा असा खुसखुशीत थर खाली. त्यावर साखर, लोणी आणि डब्यातले आटीव दूध मंद आचेवर ढवळत राहून केलेले कॅरमल. सर्वांत वर वितळवलेले चॉकलेट. खालचा थर म्हणजे आमची नानखटाईच, फक्त वेलची विसरलेली. इंग्रज लोक हिला लक्षाधीशांची खटाई अशा अर्थाच्या नावाने ओळखतात.

ही वडी दस्तरखानावर आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. व्हॅनिला इसेन्समध्ये अल्कोहोल असते म्हणतात, मग? चॉकलेटमधला इमल्सिफायर जनावराच्या चरबीचा तर नाही? मग वेष्टन शोधले जाते, हिरवा ठिपका पाहिला जातो, आणि हात पुढे होतात. या चौकशीला आम्ही हसत नाही. काय खातो याचा विचार करणारी माणसे आहोत, एवढे तरी त्यातून दिसते.

पण कुरआनात खाण्याची आज्ञा येते तिथे चार ठिकाणी ‘हलाल’ला जोडूनच ‘तय्यब’ हा शब्द येतो. पाक, चांगले, निर्मळ. आम्ही दोन्ही शब्द वाचतो आणि चौकशी एकाचीच करतो. तय्यब म्हणजे स्वच्छ भांडी आणि ताजे तूप, एवढ्यावर बहुतेकांचे समाधान होते. आमचे होत नाही.

वरचा थर घ्या. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथल्या मळ्यांतली बालमजुरी संपवण्याचा करार मोठ्या कंपन्यांनी 2001 मध्ये केला. मुदत 2005 ची होती, ती पुढे ढकलली गेली. 2020 मध्ये शिकागो विद्यापीठाच्या संशोधन संस्थेचा अहवाल आला. त्यात या दोन देशांत कोकोच्या कामाला लागलेल्या मुलांचा आकडा सुमारे 15 लाख 60 हजार दिला होता. मधला थर साखरेचा, आणि साखरेसाठी आफ्रिकेत जायला नको. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात, मुकादमाची उचल अंगावर असते, खाडा झाला तर दंड बसतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला 2019 मध्ये राज्य शासनाला समिती नेमावी लागली. यातले काही वेष्टनावर छापलेले नसते. ठिपका हिरवाच असतो.

यावर एक उत्तर तयार असते. इतके खोलात गेलो तर खायचे काय? हा वसवसा झाला. उत्तर अगदीच चुकीचे नाही. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये हलाल-हरामवर स्वतंत्र प्रकरण लिहिले, परहेजगारीच्या चार पायऱ्या सांगितल्या, आणि नसलेल्या शंका उकरून काढण्यालाही आवर घातला. कायद्याने जे हराम त्यापासून दूर राहणे ही त्यांची सर्वांत खालची पायरी. आम्ही तिथे उभे राहून वर पोचल्याचे समाधान मानतो, ही खरी अडचण आहे. शिवाय इसेन्समधल्या थेंबभर अल्कोहोलची शंका ज्यांना वसवसा वाटत नाही, त्यांना मुलाच्या मजुरीची शंका तेवढी वसवसा का वाटावी?

आम्ही चॉकलेट सोडले तर घानातल्या पोराच्या हातातला कोयता गळून पडणार नाही, हेही खरे. कदाचित त्याच्या बापाचे उत्पन्नच घटेल. म्हणून बहिष्कार हे उत्तर आम्हाला पटत नाही. जिथे आपला हात पोचतो तिथून सुरुवात करावी, आणि तो फार दूर पोचायची गरजही नाही. ईदच्या थाळ्या भट्टीत सरकवणारा, रोजा धरून धगीसमोर उभा असलेला मुलगा अनेकदा चौदाचाही नसतो. 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणे सरसकट गुन्हा आहे. सूट आहे ती शाळा सांभाळून घरच्याच धंद्यात मदत करणाऱ्याला. आमच्याकडे मग मालक त्याला भाचा म्हणतो, आणि आम्ही मानतो. घाम वाळण्याआधी मजुरी देण्याची हदीस मिंबरावरून दरवर्षी ऐकतो, ती या पोराच्या बाबतीत आठवत नाही.

भट्टीवर मोठा माणूस ठेवला तर थाळीमागे भाजणावळ थोडी वाढेल. बेकरीवाल्यांशी बोललो की ते सरळ सांगतात, गिऱ्हाईक पाच रुपयांसाठी दुसऱ्या भट्टीकडे जाते. ते गिऱ्हाईक म्हणजे आम्हीच. येत्या रमजानला थाळी पुढे करताना इमल्सिफायरच्या आधी त्या मुलाचे वय आणि शाळा विचारून पाहू. मालक चिडेल, कदाचित थाळी परतही देईल.