श्रावणबाळाची कावड

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

भक्तहो, मार्गशीर्ष लागला की आपल्या खानदेशात दोन गोष्टी एकदम येतात. घरोघरी गुरुचरित्राचा सप्ताह बसतो आणि शेतात कापसाची वेचणी चालू असते. हातीपायी धड असलेली माणसं वेचणीला जातात. मग अंथरुणावर पडलेल्या माणसाजवळ कोण? पुष्कळ घरांत नववी-दहावीतली पोर. पोर म्हणजे पोरगीच. तिच्या भावाची शाळा सहसा बुडत नाही.

सप्ताहाच्या पहिल्याच दिवशी आपण दुसरा अध्याय वाचतो. वेदधर्म ऋषी शिष्यांना सांगतात, काशीला जाऊन मला एकवीस वर्षं भोग भोगायचा आहे. अंगावर कुष्ठ येईल, डोळे जातील, पाय जातील. मला कोण सांभाळील? दीपक पुढे होतो. तो तर म्हणतो, तो भोग मलाच द्या. गुरू सांगतात, ज्याचा भोग त्यालाच. आणि रोग्याहून शुश्रूषा करणाऱ्याला कष्ट अधिक. पारायणात हे आपण भरभर वाचून पुढे जातो. जरा थांबा. कष्ट कोणाला अधिक, हे प्रत्यक्ष गुरूंनी सांगून ठेवलंय! आणि सांगून मग विचारलं, करशील का? दीपक स्वखुशीने हो म्हणाला. आपल्या पोरीला असं विचारतं कोण?

पारोळ्याकडच्या एका गावी माझं प्रवचन होतं. आरती झाली, पंगत बसली, तशी एक मुलगी डबा घेऊन निघाली. म्हटलं, बाळ, जेवून जा. म्हणाली, "नको बाबा, मनी माय एकली शे." आईला अर्धांगवायू, बाप रोजंदारीवर. शेजारचे गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "श्रावणबाळ आहे हो ती, महाराज!" आणि दुसऱ्यांदा जिलेबी घ्यायला वळले.

श्रावणबाळाची गोष्ट आपण अर्धीच सांगतो. कावड एकाच खांद्यावर होती. दशरथाचा बाण लागला आणि तो खांदा गेला, तेव्हा त्या आंधळ्या आईबापांना आधार देणारं दुसरं कुणीच नव्हतं. दोघांनी तिथेच प्राण सोडले. हे कौतुकाचं आहे का?

त्यापुढे पाचवा अध्याय ठेवा. पीठापूरला श्रीपाद श्रीवल्लभ सोळा वर्षांचे झाले, घर सोडून निघाले. घरात दोन भाऊ, एक आंधळा, एक पांगळा. आईबाप रडू लागले, आता आम्हाला कोण? महाराजांनी त्या भावांकडे अमृतदृष्टीने पाहिलं, त्यांना धडधाकट केलं, आईबापांची सेवा त्यांच्याकडे सोपवली, मग पाऊल उचललं. आधी घरची व्यवस्था, मग बदरीची वाट.

अमृतदृष्टी तुमच्या-माझ्याजवळ नाही. पण निवृत्त माणसाजवळ दुपारचे चार तास असतात. रोग्याजवळ बसायला, कूस बदलून द्यायला, पेज भरवायला शास्त्राचं ज्ञान लागत नाही. आणि सरकारी सोयही आहे, ती पुष्कळांना ठाऊक नसते. आईबापांना कर्करोग, कुष्ठरोग असा दुर्धर आजार असेल, तर मुलासाठी बालसंगोपन योजनेतून महिना २२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. जळगावातही ते आहे, धुळ्यातही. मूल अडचणीत असेल तर १०९८ हा फोन फुकट लागतो. त्या बापाला कागदपत्रं कळत नाहीत, रोज बुडवून जाणं परवडत नाही. आपल्यातल्या एखाद्या निवृत्त तलाठ्याने, गुरुजींनी सोबत जावं.

एक बोलतो, रागावू नका. उद्या आपणही पडणार आहोत. तेव्हा उशाशी नात बसेल. तिचं दप्तर खुंटीला टांगलेलं दिसेल, आणि आपण "गुणाची गं माझी" म्हणत पाणी मागू. त्याआधीच, जीभ चालते आहे तोवर, घरात सांगून ठेवा की हिची शाळा बुडवायची नाही.

पारोळ्याकडची ती मुलगी यंदा दहावीला आहे. गावातल्या चार आजींनी सकाळी दहा ते पाच तिच्या आईजवळ बसायच्या पाळ्या वाटून घेतल्यात. फक्त गुरुवार अजून रिकामा आहे; त्या दिवशी सगळ्यांना दत्ताच्या देवळात यायचं असतं.